अर्धी गोळी

सुरक्षारक्षक रमोनाला येसेनिया शाळेच्या बाथरूममध्ये सापडली, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. गेल्याच आठवड्यात प्रशिक्षणात मिळालेला, नशेच्या गोळ्यांवर उतारा म्हणून द्यायचा स्प्रे रमोनाने तिच्या नाकात मारला. श्वास येईना. मग उरलेला दुसराही मारला. येसेनिया खोकली आणि रडायलाच लागली.

“मिस, आईला नका ना सांगू.”

“ते राहू दे पोरी. घेतलंस काय?”

“डोकेदुखीची गोळी. माझ्या वर्गातल्या डेल्फिनाला कुणीतरी सुटी दिली होती. अर्धी मी, अर्धी तिने.”

“ती कुठाय?”

“बसने घरी गेली.”

रमोनाने वॉकीटॉकीवरून बसच्या ड्रायव्हरला गाठलं. “डेल्फिना आहे का रे तुझ्या गाडीत?”

“आहे की,” तो हळू आवाजात म्हणाला. “मागच्या सीटवर गाढ झोपलीये. ओरडू नकोस, दमलीये बिचारी.”