झोंबणारं तेल

ऑक्टोबर अर्धाही सरला नव्हता, आणि अम्मार ऑलिव्हच्या झाडावर चढला होता. बोटांवर मेंढ्याच्या शिंगांची टोकं चढवून तो फांद्या विंचरत होता. खाली अंथरलेल्या चादरीवर कच्ची, हिरवी फळं टपटपत होती आणि हनुवटीवर गोंदण असलेली त्याची बायको सालहा त्यांतला पाला वेचत होती.

वाटेनं जाणारा प्रत्येक जण थांबून शहाणपण शिकवून जाई. तेलाच्या घाण्याचा मालक मुन्जी तर कपाळावर हातच मारून घ्यायचा बाकी राहिला.

"अरे, हे सातव्या महिन्यातलं बाळंतपण झालं! निघेल ते तेल माझा घाणाच पिऊन टाकील."

"पिऊ दे. मला झोंबणारं हवंय. फळ पिकलं की झोंबत नाही," अम्मार वरूनच म्हणाला.

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी पुतणी इन्साफ दोघांना स्फाक्स शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली होती. सालहाची कंबर धरली होती. आलोच आहोत तर काकांचंही पोट बघून घेऊ, असं इन्साफ म्हणाली आणि त्यानंही तपासून घेतलं. पुढच्या शुक्रवारी ती तपासणीचे कागद घेऊन आली. अम्मार पाण्याचा हंडा घेऊन मागच्या दारानं येत होता. स्वयंपाकघरातून तिचा रडवेला आवाज आला; फोनवर कुणाशी बोलत असावी.

"मी त्या इस्पितळाच्याच प्रयोगशाळेत काम करते. कोवळ्या तेलात घशाला झोंबणारं जे असतं ना, ते बशीतल्या त्या आजाराच्या पेशी तासाभरात मारतं. डोळ्यांनी पाहिलंय. पण माणूस म्हणजे बशी नव्हे. डॉक्टर म्हणाले, रमजान दिसणं कठीण."

म्हणजे सालहाची कंबर त्या आजारानं धरली होती! चाळीस वर्षांचा संसार, पोटी मूल नाही, त्याला होती ती एकटी सालहा.

त्यानं इन्साफला बसथांब्यावर गाठलं.

"मी सगळं ऐकलंय पोरी. तिला यातलं एक अक्षर कळता कामा नये."

इन्साफ त्याच्याकडे बघतच राहिली. "काय ऐकलंत काका?"

"रमजान. तुझ्या बापाला त्या आजाराचं नाव सांगितलं, तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि चाळीस दिवसांत आटोपला. आपल्यात नाव घेत नाहीत ते उगाच नाही. सालहाला मी तसं जाऊ देणार नाही. शपथ घे."

इन्साफनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बस आली.

"घेते. काकूला मी काही सांगणार नाही," ती म्हणाली.

तेल निघालं जेमतेम एक डबा. रंगानं गवतासारखं, वासानं कडू. कंबरेवर रामबाण आहे अशी थाप मारून अम्मारनं चमचा सालहापुढे धरला.

"मी एकटी नाही पिणार. आधी तू," ती म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?"

"मग मलाही नाही भरली. ठेव तो चमचा."

त्यानं मुकाट्यानं गिळलं. घशात आग झाली आणि दोन ठसके लागले. ती हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आणखी एक, माझ्या गळ्याची शपथ." ती पिणार असेल तर तो डबाभर प्यायला असता. रोज सकाळी हेच चाले. त्याचे दोन चमचे झाले की ती आपला एक घेई.

सालहा वाळत चालली होती. जेवणातला मांसाचा तुकडा तो तिच्या बाजूला सरकवी, ती परत त्याच्या बाजूला सरकवी. काळजीनं तोही वाळला. पट्ट्याला त्यानं दोन नवी भोकं पाडली. डिसेंबरातल्या तोडणीत अर्ध्या झाडावरच त्याला दम लागला. झोप नसली की माणसाचं असंच होतं.

जानेवारीत इन्साफ आली तेव्हा त्यानं तिला अंगणात बाजूला घेतलं.

"खरं सांग. तेल लागू पडतंय?"

"नाही काका."

"थोडंसुद्धा?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग पिशवीतून गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "काळजीनं तुमचं पोट दुखतं, काकू सांगत होती. या घेत जा." अम्मार झाडामागे जाऊन ढसाढसा रडला. गोळ्या मात्र गुणाच्या निघाल्या.

रमजानला दहा दिवस उरले तेव्हा तो एकटाच स्फाक्सला गेला. कफनाचं कापड गावात घेतलं असतं, तर सालहाला संध्याकाळच्या आत कळलं असतं. जुन्या बाजारात मशिदीला लागून कापडाचं दुकान होतं. दुकानदारानं पांढरा तागा उलगडला.

"पुरुष की बाई?"

"बाई."

"म्हणजे पाच कापडं. पुरुषाला तीन पुरतात. गाव कुठलं चाचा?"

"बीर लहमर."

"अरे! मागच्या आठवड्यात तुमच्याच गावची एक बाई आली होती. हनुवटीवर गोंदण. बरोबर चष्मेवाली मुलगी, सारखी काकू काकू करत रडत होती. बाई मात्र खंबीर. कापड गालाला लावून बघितलं, म्हणाली, खरखरीत नको."

अम्मारनं दुकानाची फळी घट्ट धरली. म्हणजे सालहाला ठाऊक होतं! स्वतःचं कफन स्वतः घेऊन आली होती आणि रोज त्याच्यापुढे हसत चमचा तोंडाला लावत होती. त्याचे डोळे भरून आले. पण छातीवरचा दगडही उतरला. आता घरी जाऊन तिच्याजवळ बसता येईल, उघडपणे रडता येईल.

"मग माझं कापू नका. ती माझीच बायको. पाच कापडं तिनं नेलीत, तेवढी पुरे," तो म्हणाला.

दुकानदाराची कात्री थांबली.

"पाच नाही चाचा. तीनच नेली."