चौदा दिवसांचं छत

नव्या रायपुरात सरकारी वसतिगृहाचं छत टाकून सात दिवस झाले होते आणि इंजिनीयर स्वानंद छताखाली उभा राहून "टेकू आजच काढा" म्हणत होता. म्हातारे मिस्त्री गुलाबराव वैतागले. "चौदा दिवस लागतात म्हणून अंदाज देतानाच सांगतलं होतं ना तुमाले?" "दादा, मैंने लेबर डबल कर दिया, तो टाइम आधा लगेगा!" स्वानंदनं लॅपटॉपवरचा तक्ता दाखवला. "साहेब, माणसं वाढवले तं विटा लवकर चढतीन. छत काय माणसं मोजून पक्कं होते?" "उद्घाटन की तारीख फिक्स है." टेकू काढायला गुलाबरावांचीच सहा माणसं खाली जाणार होती. हातोडा उचलून त्यांनी स्वानंदपुढे धरला. "घ्या, साहेब. हिशोब तुमचा, तं पहिला टेकूही तुम्हीच पाडा." स्वानंदनं हातोड्याकडे पाहिलं, मग वर. काही बोलण्याआधी तो छताखालून बाहेर सरकला.