पलीकडची हद्द

"सगळी पोलीस ठाणी जोडायला सरकारनं कोट्यवधी ओतले, खुर्ची मात्र तीच डुगडुगती," नव्या संगणकापुढं बसत शेलारबाई हवालदार पुटपुटल्या.

समोर गिरजामावशी होत्या. नऊ वर्षं दर सोमवारी त्या हरवलेल्या मुलाची चौकशी करायला येत. "बघ गं बाई, माझा भिवा दिसतो का त्यात."

दंडावर गोंदलेला विंचू, एवढी खूण टाकताच नदीपलीकडच्या ठाण्यातली नोंद उघडली. बेवारस मृतदेह, नऊ वर्षांपूर्वीचा.

मागं उभ्या असलेल्या ठाण्याच्या साहेबांनी ती वाचली आणि ते उगाच चहा सांगायला बाहेर गेले. मावशी उठल्या. "नसंल तर राहू दे, पुढच्या सोमवारी येते."

शेलारबाईंनी त्यांचा हात धरला. "मावशी, नका येऊ आता. भिवा तिसऱ्याच दिवशी पलीकडच्या काठाला लागला होता. आपली हद्द नाही म्हणून आम्ही तिकडं विचारलंच नव्हतं."