हँडल अडलं

“मर्विनने असला डॅम्पर लावावा? इंटरनेटवरचं खेळणं ते. मी माझ्या पोराच्या सायकललाही लावणार नाही.”

रांगेत मागून कुणीतरी पुटपुटलं. हळूच, पण ऐकू जाईल इतपत. मर्विनने मान वळवली नाही. त्याच्या मुलाने, नेव्हिनने, मोटरसायकल एक पाऊल पुढे ढकलली.

रांग तपासणीच्या तंबूकडे सरकत होती. इथे गाडी पास झाली की टाकीवर स्टिकर लागणार आणि दुपारी किलाड्रम गावच्या रस्त्यांवर शर्यत. रस्ते रोजचेच, दुधाचा टँकर जातो ते. दोन्हीकडे काटेरी कुंपणं आणि कुणी आदळलंच तर म्हणून विजेच्या खांबांना बांधलेले गवताचे भारे. गेल्या वर्षी अशाच एका खांबापाशी मर्विनचा थोरला, ग्लेन, गेला. भर वेगात पुढचं चाक थरथरायला लागलं आणि हँडल हातात राहिलं नाही.

आता ग्लेनच्याच नंबरावर धाकटा नेव्हिन उतरणार होता. हे कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. दफनानंतरच्या चहाला कुणीतरी म्हणालं, “ग्लेनला हेच आवडलं असतं,” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. नेव्हिननेही. मग पबवाल्याने टाकी रंगवून दिली. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत नाव घेतलं. घरात बोलणं व्हायचं ते टायरचं, पावसाचं. आई बटाटे वाढता वाढता विचारायची, “चेन बदललीस का रे?” तिला चेनमधलं ओ की ठो कळत नसे.

डॅम्पर मर्विननेच मागवला. सायकलच्या पंपासारखा दिसणारा आखूड दांडा. एक टोक चॅसीला, दुसरं पुढच्या शॉकअपला; चाक थरथरायला लागलं की आवरून धरतो. मर्विनचा सगळा जन्म गाड्यांखाली गेलेला, आणि त्याने निवडला सगळ्यात स्वस्तातला. शेडचं दार लावून घेऊन एकट्यानेच बसवला.

तपासनीस आयव्हर त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने ब्रेक दाबले, चाक फिरवलं, मग हँडल धरलं. डावीकडे पूर्ण वळलं. उजवीकडे अर्ध्यात ठक्कन अडलं. डॅम्परचा दांडा संपला होता.

“अरे मर्विन,” आयव्हर खाली वाकून म्हणाला, “वळणावर मारेल हा पोराला. हँडल पूर्ण वळायला हवं, हे शेंबड्या पोरांना तूच शिकवतोस ना?”

“आखूड निघाला. स्वस्तातला आहे,” मर्विन म्हणाला. “नापास कर, आयव्हर. नियम तो नियम.”

आयव्हर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातलं पेन काढलं.

“ओ, नापास कशाला?” रांगेतला फिंटन पुढे घुसला. “माझ्याकडे जादाचा आहे, चांगल्यातला. आत्ता बसवू. चहा निवायच्या आत होईल.”

दुपारी हाच फिंटन नेव्हिनला मागे टाकायला जिवाचं रान करणार होता. पण इथली रीतच अशी. ज्याला हरवायचं, त्याची गाडी आधी चालती करून द्यायची. बघता बघता कुणी पाने आणले, कुणी फडकं. मघाशी खेळणं म्हणणारा तर गुडघे टेकून बसलाच. “ग्लेनसाठी,” तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आयव्हरने पेन पुन्हा खिशात ठेवलं.

मर्विनच्या हातात पाना आला. चारी बाजूंनी माणसं होती, आणि एकूण एक चांगली. निसटायला फट नव्हती. तो खाली बसला. पाना बोल्टवर बसवला. पण फिरवेना.

“गंजलाय की काय?” फिंटनने विचारलं.

“नवा आहे,” मर्विन म्हणाला.

“डॅडी, राहू दे.” नेव्हिन त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

“थांब पोरा, होतंय—”

“काल तू जेवायला गेलास ना, तेव्हा मी शेडमध्ये जाऊन हँडल वळवून बघितलं. अडतंय, म्हणजे गाडी पास होणार नाही, हे मला कळलं होतं.” नेव्हिनने बापाच्या हातातला पाना हळूच सोडवून घेतला. “वर्षभरात काल पहिल्यांदा मला शांत झोप लागली. डॅडी, मला शर्यतीत नाही उतरायचं.”