बॉल चालू असताना

"चूप बसा बे! बॉल चालू आहे," भाऊराव पुन्हा खेकसला.

उंद्रीतल्या त्याच्या अंगणात टीव्ही मांडला होता आणि अर्धी वस्ती सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती. भाऊरावची पोरगी योगिनी भारताकडून फुटबॉलची फायनल खेळत होती. अशा वेळी तोंडाला कुलूप लावायचं म्हणजे शिक्षाच की!

"मामा, टीव्हीतून तिले ऐकू जाऊन राह्यलं का आपलं?" त्याचा भाचा प्रसेनजित म्हणाला. सगळे हसले.

"तिथले लोक गप्प बसतात, तं आपणही बसायचं. बॉल बाहेर गेला का मंग खुशाल बोंबल."

भाऊरावचं हसण्याकडे ध्यानच नव्हतं. मागच्या स्पर्धेत समोरच्या पोरीशी धडक होऊन योगिनीच्या कपाळाला टाके पडले, तेव्हा त्याच्या बायकोनं, जयमालानं, घर डोक्यावर घेतलं होतं. "एवढीशी होती तवा तुम्ही तिले होस्टेलात टाकली. आता पुरे. ही फायनल हरली तं पोरगी घरी आणायची, पुन्हा धाडायची नाही." भाऊराव शब्द देऊन बसला होता आणि आता त्याचा जीव टांगणीला लागला होता.

समोरची टीम दांडगी. साखळी सामन्यात तिनंच भारताला लोळवलं होतं. फायनलला आपण पोचलो हेच नवल! आताही बॉल सारखा आपल्याच गोलपाशी घुटमळत होता. जयमाला दाराशी उभी होती. ती कोणाच्या बाजूनं आहे, ते तिच्या तोंडावरून काही कळेना.

अगदी शेवटी भारताला पेनल्टी मिळाली. बॉल योगिनीपुढे ठेवला. टीमच्या कोच मॅडमनी गोलामागं जाऊन दोन्ही खांब ठोकले. योगिनीनं मान जराशी तिरपी केली. अंगणात कोणी खोकलंसुद्धा नाही.

गोल!

मग काय, सतरंजी कुठं नि माणसं कुठं! प्रसेनजितनं मामाला उचलूनच घेतलं. भाऊराव लाजबीज सोडून ढसाढसा रडला. "मारला वं माय, माह्या पोरीनं मारला!" जयमाला ओरडत सुटली.

"मंग? आणू का तिले घरी?" भाऊरावनं विचारलं.

"आणून तं पाहा," डोळे पुसत जयमाला म्हणाली.

टीव्हीवर कप पोरींच्या हातोहात फिरत होता. सगळं आटोपल्यावर भाऊरावचा फोन वाजला.

"बाबा, पाह्यली का मॅच?"

"सारी पाह्यली, बाई! कपही पाह्यला."

"मंग सांगा ना, कसा दिसते? मॅडम अन् गोलकीपर फोटोले गेल्या. इथं आम्ही साऱ्या आंधळ्याच पोरी आहोत."