आधी कोणती मालिका?

ग्रंथपाल बाईंनी साधाच प्रश्न विचारला होता: वाचक गटाने आधी कोणती मालिका वाचायची, ड्रॅगनची की जादूगारांची?

दाताचे डॉक्टर ड्रॅगनसाठी हटून बसले आणि गॅरेजवाले भाऊ जादूगारांसाठी. दोघांनीही आपापला संच घरून आणून टेबलावर आपटला.

"तीनदा पारायण केलंय मी!" डॉक्टर गरजले. "तुमच्या जादूगारांत काय दम आहे?"

"मी चारदा केलंय! पुन्हा नावं ठेवलीत तर दात घशात घालीन," म्हणत भाऊंनी आठ भागांचा आख्खा ठोकळा डॉक्टरांच्या तोंडावर हाणलासुद्धा. जन्मभर दुसऱ्यांचे दात उपटणाऱ्या माणसाचे दोन दात टेबलावर पडले. मग डॉक्टरांनी ड्रॅगनचा संच उचलून भाऊंची भुवई फोडली. सोडवायला गेलेल्या चौघांचे शर्ट रक्ताने माखले.

दोघांना दवाखान्यात धाडून बाई ओलं फडकं घेऊन बसल्या. कागदावरचं रक्त काही केल्या निघत नाही, म्हणून त्यांचा जीव पुस्तकांसाठी तुटत होता.



पण दोन्ही संच एकदा फडकं फिरवताच लख्ख झाले. दुकानातून आल्यापासून त्यांच्यावरचं प्लास्टिक कुणी फाडलंच नव्हतं.