चौथा पूल

बोकड पुलाच्या टोकाशी आला, जागच्या जागी थिजला आणि मग एकदम तीन फळ्या ओलांडून दरीत पडला.

“हे काय गं? पूर्वी असं नव्हतं,” पडद्यासमोर खुर्ची ओढत बाबा म्हणाले. “नीट कर जरा. ताई चार दिवस आलीय, तिचा बोकड एकदा डोळे भरून पाहू दे.”

धाकटीनं खेळ बंद केला. आठवडाभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दुपारी स्वतःच्या लॅपटॉपवर ताईच्या जुन्या खेळातल्या बोकडासाठी खपायचं! ती आतल्या आत नुसती जळत होती. लहानपणी या खेळातले सातही पूल पार केले होते ते फक्त थोरलीनं. बाबा तेव्हा शेजारच्या काकांना बोलावून आणायचे, “या, आमच्या थोरलीचा हात बघा!” धाकटीचा बोकड तिच्या खोलीत, कुणी बघत नसताना, पुन्हा पुन्हा दरीत जायचा. माझ्याकडे तो फार जोरात पळतो, असं तिनं एकदा रडत सांगितलं, तर बाबा हसून म्हणाले होते, “नाचता येईना, अंगण वाकडं!” पुढे काकाही तेच म्हणायला लागले. ती म्हण घरात तिच्याच नावावर जमा झाली.

आणि हे सगळं कुणाच्या बाबतीत, तर जिला अभ्यासासाठी म्हणून कोरा करकरीत कॉम्प्युटर मिळाला होता तिच्या! थोरली बिचारी घरातल्या जुन्या डब्यावर खेळायची. नवा हाताशी असून हरणारी ती, आणि जुन्यावर जिंकणारी थोरली. हे दुखणं कुणाला सांगायचं?

जुन्या खेळांची खोड धाकटीला कामामुळे ठाऊक होती. पडद्यावर सेकंदाला जितकी चित्रं, म्हणजे फ्रेम, उमटतात तितक्या वेगानं ते पळतात. आजचं यंत्र एका क्षणी शंभर फ्रेम काढतं, दुसऱ्या क्षणी चाळीस, म्हणून बोकड कधी अडखळतो, कधी उधळतो. उपाय सोपा. एका छोट्या प्रोग्राममध्ये एक आकडा लिहायचा आणि फ्रेमना लगाम घालायचा. पण स्वतःच्या लहानपणच्या बोकडाशी हे सगळं जोडून पाहायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

अंदाजानं तिनं वीस लिहिलं. बोकड डुलत डुलत निघाला. त्याच्यामागचं संगीतही रेंगाळत वाजू लागलं, आणि तिचे हात थांबले. लहानपणी भिंतीपलीकडून, थोरलीच्या खोलीतून यायचं ते हेच. तिनं वीस खोडून साठ लिहिलं. संगीत तुरुतुरु धावू लागलं. हे तिच्या स्वतःच्या खोलीतलं.

म्हणजे जुन्या डब्याच्या अंगात जोरच नव्हता. थोरलीचा बोकड रमतगमत चालायचा. उडी कधी मारायची याचा विचार करून वर एखादा घास खायलाही तिला वेळ मिळत असणार. इकडे नव्यावर धाकटीचा बोकड चौखूर उधळायचा. थोरलीचा हात म्हणे! हात कसला डोंबलाचा!

सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगून कुणाची जिरत नाही, दाखवून जिरते. तिनं आकडा साठवरच ठेवला.

“ताई, झालं गं. ये.”

थोरली हात पुसत आली आणि बाबांच्या शेजारी ऐटीत बसली. पहिल्याच पुलावर बोकड दरीत. पुन्हा दरीत. पुन्हा दरीत.

“बाबा, हा फारच पळतोय हो.”

“नाचता येईना, अंगण वाकडं!” बाबा खो खो हसले.

धाकटीच्या काळजाला गारगार वाटलं. इतक्या वर्षांनी ती म्हण बरोबर पत्त्यावर पोचली होती.

थोरली हसली नाही, चिडलीही नाही. ती कान देऊन ऐकत होती. “ही चाल तुझ्या खोलीतून यायची,” ती हळूच म्हणाली. “मी भिंतीला कान लावून बसायचे. वाटायचं, नव्या कॉम्प्युटरवर गाणंसुद्धा वेगळं लागतं. तू मला कधी हातही लावू दिला नाहीस.”

आपलाही कुणाला हेवा वाटत असेल, हे धाकटीच्या गावीही नव्हतं.

“या वेगानं तू कुठवर जायचीस?” थोरलीनं विचारलं.

“चौथ्या पुलापर्यंत.”

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. मग उठून तिनं खुर्ची मोकळी केली. “बस. दाखव.”

धाकटी बसली. बोटांना अजून सगळं आठवत होतं. पहिला पूल गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर बाबा खुर्चीतून पुढे झुकले. बाबांना असं झुकलेलं तिनं आजवर थोरलीच्या खुर्चीमागे उभं राहूनच पाहिलं होतं. बाबा उठून दारापर्यंत गेले आणि त्यांनी शेजारी हाक मारली.

“अहो, या लवकर! बघा तरी!”

काका चष्मा सावरत आत आले. “अरे वा! आज धाकटी खेळतेय?”

“मग! थोरलीनं शिकवलंय तिला,” बाबा म्हणाले.

चौथ्या पुलाच्या काठावर धाकटीनं उडीचं बटण दाबलं आणि ती तरी खरं सांगेल म्हणून मान वळवून थोरलीकडे पाहिलं.

थोरलीनं काकांसाठी खुर्ची पुढे केली.

“बसा ना काका,” ती म्हणाली. एवढंच.